शकशुका आपल्या हाताचा

टोमॅटोच्या मसालेदार रश्श्यात फोडून सोडलेली अंडी, वर थोडी कोथिंबीर, शेजारी पाव. शकशुका दिसायला इतका सोपा, की तो बिघडला की माणूस बुचकळ्यात पडतो. विचारणारे बहुतेक तेच ते विचारतात. रस्सा पाणीदार का होतो? पांढरे कच्चे आणि बलक मात्र टणक, असे का? ओव्हन नसला तर? आणि सगळ्यांत जास्त वेळा : ‘यात आमच्या घरची चव आणायची तर काय घालू?’

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बरेच जण स्वतःच देऊन मोकळे होतात. चीज, मका, मशरूम, गरम मसाला, कसुरी मेथी असे सगळे एकाच दिवशी कढईत पडते. तयार होते ते खाता येते, पण कशाचीच चव धड लागत नाही. आपला हात दाखवायला एक जागा पुरते. आणि तुम्ही काय घातले याच्याइतकेच, त्याच्या बदल्यात काय काढले हेही महत्त्वाचे असते. हे दुसरे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून पुढे प्रत्येक फरकासोबत काय कमी करायचे तेही दिले आहे.

आधी मूळ पदार्थाची ओळख

शकशुका उत्तर आफ्रिकेचा : ट्युनिशिया, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को या पट्ट्यातला. तिथल्या ज्यू कुटुंबांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर इस्राएलला स्थलांतर केले तेव्हा तो त्यांच्याबरोबर तिकडे गेला आणि तिथल्या न्याहारीचा होऊन बसला. तेल अवीवला लागून असलेल्या जाफामध्ये ‘डॉक्टर शकशुका’ नावाचे प्रसिद्ध खानावळवजा हॉटेल आहे, तेही मूळच्या लिबियातल्या कुटुंबाचे. पुढे शेफ योताम ओटोलेंगी यांच्या ‘प्लेंटी’ (२०१०) आणि ‘जेरुसलेम’ (२०१२) या पुस्तकांतून तो इंग्रजी वाचणाऱ्या स्वयंपाकघरांत पोहोचला, आणि आता पुण्या-मुंबईच्या कॅफेंमध्ये चांगल्या चढ्या भावाने मिळतो.

टोमॅटो आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून आलेली, त्यामुळे आजच्या रूपातला शकशुका काही फार प्राचीन नाही. त्यातच घरोघरी तो वेगळा होत आला आहे. ट्युनिशियात ओज्जा म्हणून त्याचा सख्खा भाऊ आहे. त्यात भाज्या कमी, हरिसा (सुक्या मिरच्यांचे वाटण) जास्त आणि बहुधा मेर्गेझ हे मटणाचे तिखट सॉसेज. लिबियात सुकवलेले मांस घालतात. तुर्कस्तानातल्या मेनेमेनमध्ये अंडी रश्श्यात ढवळून टाकतात. त्यात कांदा घालावा की नाही यावर २०१८ साली एका तुर्की खाद्यसमीक्षकाने ट्विटरवर कौल घेतला तर चार लाखांहून जास्त मते पडली आणि कांदावाले अगदी निसटते जिंकले. तेव्हा ‘खरा’ शकशुका कोणता या वादात तुम्ही पडू नका. मात्र तीन गोष्टी बहुतेक ठिकाणी सारख्या आहेत : टोमॅटो तेलात पुरता शिजून आळलेला असतो, सुक्या लाल मिरचीची चव पुढे असते, आणि अंडे कच्चेच रश्श्यात जाते. पुढे जिथे मुद्दाम सांगितले आहे ते सोडून या तिन्हींना हात लावू नका. बाकीचे रान मोकळे.

‘ही अंडाकरीच ना?’ याचे उत्तर त्यातच आहे. अंडाकरीत उकडलेले अंडे वाटणात जाते. आपल्याकडे मालवणात, कोल्हापुराकडे उकळत्या रश्श्यात थेट अंडी फोडून सोडतात, ते शकशुकाच्या जास्त जवळचे. पण त्या रश्श्याचा जीव खोबऱ्या-कांद्याच्या वाटणात असतो. इथे तो टोमॅटोत आहे.

एकदा साधा करून पाहा

फरक करण्याआधी मूळ चव जिभेवर बसलेली बरी. पुढचे प्रमाण दोघांना भरपूर, तिघांना बेताचे :

- अंडी ४
- पिकलेले टोमॅटो ६०० ते ७०० ग्रॅम
- मध्यम कांदा १, लाल सिमला मिरची १ (हिरवीने थोडा कडवटपणा येतो, पण चालते)
- लसूण ५-६ पाकळ्या
- तेल ३ मोठे चमचे
- जिरे १ छोटा चमचा, धनेपूड अर्धा छोटा चमचा
- ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड दीड छोटा चमचा
- मीठ पाऊण छोटा चमचा, लागलाच तर चिमूटभर गूळ

तेल ऑलिव्हचे असेल तर उत्तम, नसेल तर शेंगदाण्याचे घ्या; त्याची चव टोमॅटोशी छान जुळते. तेल कमी करू नका. टोमॅटो तेलात शिजल्याशिवाय त्याचा कच्चा आंबटपणा जात नाही, आणि वर जो तांबडा तवंग येतो तोच पावाला लागतो.

टोमॅटोबद्दल थोडे सविस्तर. नारायणगाव-नाशिककडून येणारा माल प्रवासात टिकावा म्हणून जरा कडकच तोडलेला असतो. बाजारातून आणल्या आणल्या वापरलात तर रस्सा फिकट आणि आंबट होणार. दोन-तीन दिवस टोपलीत, फ्रिजबाहेर ठेवा. देठाजवळचा पिवळेपणा जाऊन बोटाने दाबल्यावर किंचित नमतो तेव्हा तो तयार. साल जाड असते, ती काढाच. देठाविरुद्ध बाजूला फुलीसारखा छेद देऊन उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवले की साल हाताने निघते. घाई असेल तर टोमॅटो आडवा अर्धा कापून किसणीवर घासा. गर खाली पडतो, साल हातात राहते. पावसाळ्यात टोमॅटो महाग आणि बेचव असतात तेव्हा डब्यातले अख्खे टोमॅटो खुशाल वापरा. केचप मात्र नको. त्यात साखर आणि व्हिनेगर असते, सगळा तोल जातो.

आता कृती :

1. पसरट भांड्यात मध्यम आचेवर तेल तापवून जिरे तडतडू द्या. कांदा आणि सिमला मिरची घालून चांगली दहा मिनिटे परता. कांदा तांबूस नको, मऊ आणि गोड हवा.
2. लसूण घाला, वास सुटला की आच मंद करून मिरचीपूड आणि धनेपूड घाला. दहा-पंधरा सेकंदांत टोमॅटो पडला पाहिजे. मिरचीपूड तेलात करपली की पुढे काहीही करा, कडवटपणा जात नाही.
3. टोमॅटो आणि मीठ घालून झाकण न ठेवता वीस-पंचवीस मिनिटे शिजवा. अधूनमधून ढवळा.
4. रस्सा झाला की नाही ते असे ओळखा : उलथन्याने भांड्याच्या तळावर एक रेघ ओढा. रेघ दोन-तीन क्षण तशीच दिसली आणि कडेने तेल सुटलेले असले तर झाला. रेघेत लगेच पाणी भरले तर अजून वेळ आहे.

ही चौथी पायरी टाळली म्हणूनच निम्मे शकशुके पाणीदार होतात. अंड्यांबरोबर झाकण पडते, झाकणाखाली वाफ साठते, त्यामुळे अंडी घातल्यावर रस्सा आणखी आटेल ही आशा सोडा. उलट तो थोडा सैल होतो.

भांडे कोणते? चोवीस-सव्वीस सेंटीमीटरचे, जाड बुडाचे. स्टीलची लंगडी, नॉनस्टिक, हार्ड अॅनोडाइज्ड, इनॅमल लावलेले बीड, काहीही चालेल. उघड्या बिडाच्या तव्यात मात्र पंचवीस मिनिटे टोमॅटो शिजवू नका. आंबटाने त्यावर मुरलेला तेलाचा थर निघतो आणि रश्श्याला लोखंडाची चव येते. साधे अॅल्युमिनियमही आंबटाला नको. फोटोत काळ्या बिडाच्या तव्यातला शकशुका देखणा दिसतो खरा. हौस असेल तर रस्सा दुसरीकडे शिजवून ऐन वेळी त्यात ओता.

अंडी सोडताना

खरे कसब इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

अंडी फ्रिजमधून अर्धा तास आधी काढा. गार अंडे गरम रश्श्यात पडले की पांढरे शिजायला वेळ लागतो आणि तोवर बलक घट्ट होतो. प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडा. कोशर म्हणजे धर्मातले आहारनियम पाळणाऱ्या ज्यू घरांत अंडे असेच पेल्यात फोडून त्यात रक्ताचा ठिपका नाही ना, ते पाहतात. कोकणातून इस्राएलला गेलेल्या आपल्या बेने इस्राएल कुटुंबांनाही ही रीत ओळखीची आहे. तुमचा धर्म कोणताही असो, एक नासके अंडे चौघांचा रस्सा वाया घालवू शकते, तेव्हा वाटी घ्याच.

डावाच्या पाठीने रश्श्यात आळे करा, भातात आमटीसाठी करतो तसे, तळ जेमतेम दिसेल इतके खोल. वाटी टेकवून अंडे त्यात अलगद सोडा. चारही अंडी कडेच्या बाजूला ठेवा, मध्यभागी नको. आपल्या गॅसची आच मधोमध जास्त लागते.

मग एक छोटी युक्ती. काट्याच्या टोकाने फक्त पांढरे आजूबाजूच्या रश्श्यात थोडे मिसळा, बलकाला धक्का न लावता. पांढऱ्याचा जाड थर मोडतो, ते रश्श्याच्या उष्णतेने लवकर शिजते आणि चवही त्यात मुरते. बलक साधारण ६५ ते ७० अंश सेल्सियसला घट्ट होऊ लागतो, पण पांढऱ्याचा मुख्य भाग पुरता बसायला ८० अंशांच्या आसपास जावे लागते. म्हणजे दोघांना सारखी उष्णता दिलीत तर बलक आधी संपणार. पांढऱ्याला जास्त आणि बलकाला कमी उष्णता कशी मिळेल, एवढेच पाहायचे. म्हणून पांढरे रश्श्यात पसरवा, बलक वर राहू द्या.

आता आच अगदी मंद करा आणि झाकण ठेवा. बर्नर लहान करूनही रस्सा खदखदत असेल तर भांड्याखाली तवा सरकवा, दम देताना ठेवतो तसा. इंडक्शनवर सगळ्यात कमी आकडा ठेवा, आणि तो मधूनमधून बंद-चालू होत असेल तर भांडे दर दोन मिनिटांनी थोडे फिरवा. चार मिनिटांनी झाकण उघडून त्याच्या आतले पाणी फडक्याने पुसून घ्या, नाहीतर तेच थेंब बलकावर पडतात आणि वर पांढरट पाण्याचे डबके होते. पाच ते सात मिनिटांत काम होते. पांढरे अजून बलकाजवळ किंचित थरथरत असतानाच गॅस बंद करा. उरलेले भांड्याची धग करते. गावरान अंडी लहान असतात, त्यांना मिनिटभर आधीच पाहा.

ओव्हनची गरज इथे कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

गरोदर स्त्रिया, लहान मुले, वयस्कर माणसे आणि आजारपणातून उठलेले यांना वाहता बलक देऊ नका. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला या जंतूचा धोका असतो. त्यांचे अंडे वेगळ्या कडेला आधी सोडा आणि बलक पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवा. चव थोडी बदलते, बिघडत नाही.

आपला हात कुठे दाखवायचा

पाच जागा आहेत : मिरची, आंबटपणा, मांस, भाजी आणि वरून घालायचे दुधाचे काहीतरी. एका वेळी यातली एकच निवडा. दोन बदल एकदम केलेत आणि चव बिनसली, तर दोष कोणाचा हे कळायला मार्ग राहत नाही.

मिरची बदलायची तर

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो, आणि सगळ्यात स्वस्तातही. ट्युनिशियात सुक्या मिरच्या, लसूण, धने, कॅरवे आणि तेल वाटून हरिसा करतात. २०२२ साली ट्युनिशियाच्या हरिसाची नोंद युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाली, इतका तो त्यांच्या घराचा भाग. तो घरी सहज होतो : दहा-बारा ब्याडगी आणि तिखटपणासाठी दोन संकेश्वरी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, पाच लसूण पाकळ्या, भाजलेले धने एक चमचा, जिरे आणि शहाजिरे अर्धा-अर्धा चमचा, मीठ, आणि पाण्याऐवजी तेल घालून वाटा. शहाजिरे म्हणजे हुबेहूब कॅरवे नव्हे, पण वास त्याच्या जवळ जातो. हा हरिसा दोन छोटे चमचे घाला, आणि मिरचीपूड व धनेपूड पूर्ण काढा, लसूण निम्मा करा. उरलेला फ्रिजमध्येच ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. कच्चा लसूण तेलाखाली बाहेर ठेवणे धोक्याचे असते.

घरच्या मसाल्यांपैकी कोणता चालतो?

- कांदा-लसूण मसाला : उत्तम चालतो. दीड छोटा चमचा. यात मीठ, कांदा, लसूण आधीच आहे, म्हणून मीठ निम्मे आणि मिरचीपूड बंद.
- मालवणी मसाला : एक छोटा चमचा. त्यात बडीशेप, दगडफूल वगैरे असते, तेव्हा जिरे वगळा.
- गोडा मसाला : मला विचाराल तर नको. तीळ-खोबऱ्याची चव आली की टोमॅटो मागे पडतो आणि आमटीचा भास होतो. मोह आवरत नसेल तर पाव चमचा.
- गरम मसाला, पावभाजी मसाला : यांनी रस्सा ओळखीचा होतो आणि म्हणूनच कंटाळवाणा. पावभाजी खायची असेल तर पावभाजीच करा.

आंबटपणा बदलायचा तर

मोरोक्कोकडे मिठात मुरवलेल्या लिंबाची साल बऱ्याच पदार्थांत वापरतात. आपल्याकडे तिखटाशिवायचे, नुसते खारवलेले जुने लिंबू बरणीत असते, तापातून उठलेल्याला पेजेबरोबर देतो ते. त्याची एक फोड घ्या, गर काढून टाका, साल बारीक चिरून टोमॅटो शिजत आल्यावर घाला. मीठ आधी अजिबात घालू नका. शेवटी चाखून ठरवा. पहिल्याच घासाला फरक कळतो. कोकम, चिंच यांची मात्र इथे गरज नाही. टोमॅटोला स्वतःचा आंबटपणा पुरेसा आहे.

पारशी घरांतला ‘टमाटा पर ईडू’ हा मुंबईतला जवळचा नातेवाईक. त्यात आले, हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर, थोडा गूळ आणि चमचाभर व्हिनेगर अशी आंबटगोड चव असते. तो रस्ता धरायचा तर सिमला मिरची, जिरे आणि लाल पूड तिन्ही काढा. पारशी लोक भेंडीवर, बटाट्याच्या सळ्यांवरही अंडी सोडतात. वरून चिमूटभर कुरकुरीत सळी भुरभुरलीत तर मजा येते, पण वाढतानाच, आधी नाही.

मांस घालायचे तर

मेर्गेझच्या जागी गोव्याचा चोरीस घेऊन पाहा. मिरची, लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरलेले हे डुकराचे सॉसेज शकशुकासाठीच केले असावे असे वाटते. दोनशे ग्रॅम चोरीस वरचे आवरण सोलून तुकडे करा, अर्धी वाटी पाणी घालून झाकून पंधरा मिनिटे शिजवा. पाणी आटले की चरबी सुटते. तीच तुमची फोडणी. मग :

- तेल शून्य किंवा जेमतेम एक चमचा
- मिरचीपूड बंद, लसूण दोन पाकळ्या
- मीठ अंडी सोडण्याआधी चाखून
- कांदा दुप्पट, त्याच्या गोडीने व्हिनेगरचा आंबटपणा उतरतो

चोरीस कच्चा मुरवलेला असतो, तेव्हा तो पुरता शिजवा. सोबत गोव्याची पोई (पाव) असेल तर दुसरे काही नको. खिमा घालायचा असल्यास तो आधी वेगळा परतून कोरडा करून घ्या. कच्चा खिमा टोमॅटोत घातला की पाणी सोडतो आणि रस्सा पुन्हा सैल.

भाजी घालायची तर

पालक घालून हिरवा शकशुका करतात, त्यात टोमॅटो नसतोच. पण नुसता पालक मवाळ पडतो. आपल्याकडची युक्ती अशी, की एक जुडी पालकाला अर्धी जुडी आंबट चुका घाला. चुका टोमॅटोच्या आंबटपणाची जागा घेतो. पाने धुऊन, नीट निथळून, चिरून कांद्यावर परता आणि सगळे पाणी आटवा. लाल मिरचीऐवजी हिरवी मिरची-लसणाचा ठेचा. अंबाडी घेणार असाल तर मूठभरच, ती फार आंबट.

दुसरी चांगली जोड वांग्याची. इस्राएलमध्ये तळलेली वांगी घालतात. आपल्याला विस्तवावर भाजलेल्या वांग्याची सवय आहे, तर जळगावकडचे हिरवट भरताचे वांगे भाजून, सोलून, ठेचून टोमॅटोत मिसळा. टोमॅटो चारशे ग्रॅमवर आणा, सिमला मिरची काढा. धुरकट वास रश्श्याला येतो तो कुठल्याही बाटलीतल्या मसाल्याने येणार नाही.

मोड आलेली मटकी, उकडलेले छोले घातलेलेही पाहिले आहेत. छोले ठीक. मटकी रस्सा पिऊन टाकते आणि पदार्थ मिसळीकडे झुकतो.

दुधाचे वरून काही

फेटा चीज महाग पडते. त्याच्या जागी श्रीखंडासाठी बांधतो तो चक्का घ्या, पण साखरेऐवजी मीठ आणि किंचित ठेचलेला लसूण घालून. पूर्वेकडच्या अरब देशांत लबने म्हणतात ते हेच. गॅस बंद केल्यावर चमच्याने दोन-तीन गोळे ठेवा. शिजताना घातलात तर फाटतो. पनीर कुस्करायचे असेल तर त्याला आधी मीठ लावून ठेवा. मांस घातले असेल तेव्हा दुधाचे काही नको. ज्यू घरांत हा धर्माचा नियम आहे, आपल्यासाठी नुसता चवीचा.

अंडे न खाणाऱ्यांसाठी पनीर किंवा टोफूचे जाड काप रश्श्यात ठेवता येतात. त्याला शकशुका म्हणण्याचा आग्रह धरू नका, पण भाजी चांगली होते.

बिघडले तर

- रस्सा फार आंबट : चिमूटभर गूळ आणि चमचाभर तेल घालून आणखी पाच मिनिटे शिजवा. बहुतेक वेळा टोमॅटो पुरता शिजलेलाच नसतो.
- खारट : बटाट्याच्या फोडी घालण्यात अर्थ नाही. आणखी एक टोमॅटो किसून शिजवा, किंवा आणखी एक बिनमिठाचे अंडे सोडा.
- खाली लागला : ढवळू नका, खरवडू नका. वरचा भाग अलगद दुसऱ्या भांड्यात काढा.
- बलक फुटला : तो सरळ ढवळून टाका आणि मेनेमेन केले म्हणून सांगा. बाकीची तीन तशीच ठेवा.
- पांढरे शिजेना : गरम रस्सा चमच्याने त्याच्यावर ओता. आच वाढवू नका.

विकत घेताना आणि हॉटेलात

हरिसाची आयात केलेली बाटली किंवा टोमॅटोचा डबा घेताना आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, वापरण्याची अंतिम तारीख आणि चौदा आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक पाहा. यातले काही नसेल तर घेऊ नका. छापील किमतीवर स्टिकर चिकटवून जास्त पैसे घेणे कायद्यात बसत नाही. पावती जपून ठेवा. डबा फुगलेला किंवा बाटली खराब निघाली तर बदलून मागणे हा तुमचा हक्क आहे, आणि दुकानदाराने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. फुगलेल्या डब्यातले चाखूनसुद्धा पाहू नका.

कॅफेत मागवताना बलक कसा हवा ते आधीच सांगा, संकोच नको. सॉसेज कशाचे आहे हेही विचारा. ‘मिक्स’ म्हणणारे उत्तर पुरेसे नाही; कोणाला डुकराचे चालत नाही, कोणाला गाईचे, आणि आपल्या ताटात काय आहे हे विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही.

आधी करून ठेवायचा तर

पाहुणे यायचे असतील तर रस्सा आदल्या दिवशी करा. मुरून तो उलट चांगला लागतो. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीजरमध्ये महिनाभर राहतो. गरम करताना दोन चमचे पाणी घाला, उकळी येऊ द्या, पुन्हा तळावर रेघ ओढून पाहा आणि मगच अंडी सोडा. माणसे जास्त असली तर एका मोठ्या पातेल्यात दहा अंडी कोंबू नका. दोन भांडी घ्या, किंवा दोन हप्त्यांत करा.

अंडी घातलेला शकशुका मात्र उरवू नये. उरलाच तर अंडी ठेचून रश्श्यात मिसळा आणि रात्री फ्रिजमध्ये ठेवून सकाळी ब्रेडमध्ये भरून भाजा. अख्खा बलक तसाच मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. आतली वाफ कोंडून तो फुटतो, कधीकधी दार उघडून चमचा लावल्यावर.